झीज कोठे जाते?

शास्त्रभाग : निर्गम ३८:८, गणना १६:३६-४०, २ करिंथ ३:२, ३



निवासमंडपाच्या बांधणीचा वृत्तांत वाचीत असता आपल्यापैकी पुष्कळांचे मन थकते. इतके हात लांबी, इतके हात रुंदी, इतक्या कड्या, इतक्या बैठका. शेतावरून दमून आलेल्या मनुष्याने रात्री दिव्यापाशी बसून हे वाचावे आणि त्यास झोप येऊ नये, ही अपेक्षाच कठीण. तथापि त्या मापांच्या रानात एक लहानसे वचन दडलेले आहे, आणि ते आम्हांस कित्येक दिवस सोडीत नाही. बसालेलाने याजकांच्या हातपाय धुण्याकरिता पितळेचे गंगाळ घडविले. ते पितळ कोठून आले, हे शास्त्राने मुद्दाम नमूद करून ठेविले आहे. दर्शनमंडपाच्या दारापाशी ज्या स्त्रिया सेवा करीत असत त्यांचे आरसे घेतले, आणि त्या आरशांचे ते गंगाळ झाले.

त्या काळी आपल्यासारखे काचेचे आरसे नव्हते. धातूचा पत्रा घासून चकचकीत करीत व त्यात मुख पाहत. असा पत्रा घासल्यावाचून राहिला तर धूसर होतो, आणि वारंवार घासला तर झिजतो. ह्या स्त्रिया कोण होत्या, त्यांची नावे काय, याविषयी शास्त्र काही सांगत नाही. एवढेच सांगते की जी वस्तू त्यांच्या रोजच्या हाताळण्यातली होती ती भंगारात गेली नाही. ती देवाच्या घराच्या अंगणात पाण्याचे पात्र होऊन उभी राहिली, आणि प्रत्यक्ष अहरोनासही वेदीजवळ जाण्यापूर्वी तिच्यापाशी थांबावे लागे.

ह्याहून विलक्षण दुसरा वृत्तांत गणनाच्या १६ व्या अध्यायात आहे. कोरहाच्या बंडात सामील झालेल्या २५० पुरुषांनी आपापली धुपाटणी आणिली होती. ते पुरुष नाश पावले. धुपाटणी मात्र त्या जळीत जागेत उरली. ती दूर फेकून द्यावी असेच कोणालाही वाटले असते. परंतु एलाजार याजकास आज्ञा झाली की ती वेचून घ्यावी, ठोकून त्यांचे पातळ पत्रे करावे, आणि त्या पत्र्यांनी वेदी मढवावी, म्हणजे पुढे येणाऱ्या लोकांस ती खूण होईल. पाहा, पापाच्या कामी लागलेले साधनही देवाच्या कारागिरापाशी टाकाऊ ठरले नाही. मात्र ती धुपाटणी कोणाची होती, हे कोणास विसरू दिले नाही. यावरून आम्हांस असे दिसते की जुन्या अवजारांतून नवी वस्तू करणे ही नुसती काटकसर नव्हे. पूर्वीच्या हातांची आठवण त्या वस्तूत टिकली, तरच तिला अर्थ.

हा विषय आम्ही आताच का हाती घेतला, असे कोणी विचारील. मोहर्लीच्या बाजूस आमचे जाणे-येणे असते. ताडोब्याच्या जंगलाच्या तोंडाशी, इरई धरणाच्या पाण्याजवळ हे गाव वसले आहे. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले व १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. त्या ओघात ह्या गावाचा धंदा पालटत गेला. ज्यांचे आजे-पणजे धानाच्या बांध्यांत आणि बांबूच्या रानात राबले, त्यांची नातवंडे आज जिप्सी गाड्या चालवितात व परगावच्या पाहुण्यांस वाघ दाखवितात. हे काम वाईट नव्हे. प्रामाणिकपणे केले तर चांगलेच आहे. परंतु त्या घरांच्या पडवीत आजोबांची सुरी, कुऱ्हाड, खुरपे, विळा ही आढ्याला खोचलेली गंजत पडली आहेत, आणि त्यांचे काय करावे हे कोणास ठाऊक नाही.

दसरा जवळ आला म्हणजे हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो. आपले शेजारी त्या दिवसांत अवजारे धुतात, त्यांस हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुले घालितात. आमच्या घरांतील मुले विचारितात, की आपण काय करावे? ह्यास आमचे उत्तर असे आहे. आपण अवजारांची पूजा करीत नाही, कारण अवजाराला हात नाही, डोळा नाही, आणि ज्याने हात व डोळा दिला त्याच्याकडेच आपले नमन जाते. मोशेने अरण्यात केलेला पितळेचा सर्प लोकांच्या जिवाच्या कामी आला होता, तरी पुढे लोक त्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, हे २ राजे १८:४ येथे लिहिले आहे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की शेजारी ज्या वस्तूला फूल वाहतो तिला आपण लाथ मारावी, असे शास्त्राने कोठेही शिकविलेले नाही. पूजा नको म्हणून तुच्छता हवी, असा ह्याचा अर्थ करणारे काही लोक आम्हांस भेटतात. त्यांत कित्येक असे आहेत की त्यांस आजोबांच्या रापीची किंवा बुरुडाच्या सुरीची लाज वाटते. शिकलेल्या मुलाच्या घरी ती दिसू नये, म्हणून ते ती भंगारवाल्यास शेराच्या भावाने देऊन टाकितात. ही लाज ख्रिस्ताकडून आलेली नाही. तो स्वतः सुताराच्या घरी वाढला, आणि पौल प्रेषित राहुट्या शिवून पोट भरीत असे.

दुसरीकडे, पाहुण्यांकरिता बांधलेल्या निवासांत हल्ली जुना नांगर, बैलगाडीचे चाक, जाते, असल्या वस्तू शोभेसाठी भिंतीशी लावण्याची रीत पडली आहे. पाहावयास ते बरे दिसते. पण त्या नांगराच्या मुठीवर जो खळगा पडला आहे तो कोणाच्या तळहाताचा, हे तेथे कोणी विचारीत नाही आणि सांगणाराही कोणी नसतो. पूजा, लाज आणि शोभा अशा तीन वाटा लोकांस ठाऊक आहेत. चौथी वाट कोणती, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

प्रथम झीज म्हणजे काय ते पाहू. बुरुडाची सुरी घ्या. ती नवी असते तेव्हा चांगली चार बोटे रुंद असते. पुष्कळ वर्षे कामट्या काढून झाल्या म्हणजे एक बोटभर पाते उरते. बाकीचे लोखंड कोठे गेले? धार लाविताना दगडावर पाण्याबरोबर जो काळा गाळ उतरतो, तेच ते लोखंड. ते धुऊन गेले. परंतु ज्या सुपांत गावाने धान पाखडले, ज्या टोपल्यांत शेण, माती व भाजी वाहिली, ज्या डाल्यांखाली कोंबड्या झाकल्या, त्या साऱ्यांत ती झीज आहे. नांगराचा फाळ झिजला तर तो शेतात झिजला. त्याचे लोखंड मातीत राहिले आणि त्याच मातीतून पीक आले. उरलेल्या तुकड्याचे लोहार खुरपे करून देतो, आणि खुरपेही पुढे इतके लहान होते की मुलांच्या खेळण्यात जाते. आपल्या खेड्यापाड्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. आपण ते नित्य पाहतो म्हणूनच त्याचा विचार करीत नाही.

आता चित्रकाराच्या अवजारांकडे या. त्याच्यापाशी कुंचले असतात, सुऱ्या असतात, रंगाच्या वाट्या असतात. ह्या सर्वांत गरीब अवजार कोणते म्हणाल, तर कोळशाची कांडी. झाडाची बारीक काटकी हवा न लागता भाजली, की ती होते. कुंचला झिजतो तेव्हा त्याचे केस चित्रात उतरत नाहीत. रंग निराळा व कुंचला निराळा. छिन्नी झिजते तेव्हा तिचे पोलाद मूर्तीत जात नाही. कोळशाचे तसे नाही. कोळसा जेवढा झिजला तेवढाच चित्रात उतरला. अवजार संपले आणि चित्र पुरे झाले, ह्या दोन गोष्टी तेथे वेगळ्या करिता येत नाहीत. आपल्या भाषेत कोळशाची निंदाच फार झाली आहे. कोळसा उगाळावा तितका काळा, असे आपण दुष्ट मनुष्याविषयी म्हणतो. पण ज्यास भिंतीवर मनुष्याचे मुख काढावयाचे आहे त्यास नेमका तो काळेपणाच हवा असतो.

हे आम्ही पुस्तकी सांगत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातच राजुरा तालुक्यात सास्ती म्हणून खाणीचे गाव आहे. तेथे १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते हे चित्रकार आज जगाच्या पुष्कळ देशांत प्रसिद्ध आहेत. त्यांच्या कुटुंबातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या खाणीत राबली. ते स्वतः खैरागढ व बडोदे येथे मूर्तिकला शिकले. म्हणजे संगमरवर किंवा कांसे हाती धरण्याचा मार्ग त्यांस मोकळा होता. परंतु त्यांनी हाती धरला तो कोळसाच. मोठमोठ्या भिंतींवर ते कोळशाने खाणकामगार काढितात. त्या चित्रांत पुष्कळदा मनुष्याच्या धडावर मस्तकाच्या जागी दिवा, अवजार किंवा यंत्र असते. पाहणारा प्रथम हसतो, मग त्याचे हसणे थांबते. कारण खाणीत जो मनुष्य ३०-३५ वर्षे राबला त्याची हजेरी एक अवजार म्हणूनच लागली. तो झिजला, आणि दुसरा आला. ज्या पदार्थाने त्या माणसांच्या छातीत ठाण मांडले, त्या पदार्थाचे नाव मराठीत कोळसाच, आणि ज्याने त्यांचे चित्र काढिले त्याचेही नाव कोळसाच. एक दगडी, दुसरा लाकडी, एवढा काय तो भेद.

वेल्स हा देशही एके काळी कोळशाच्या खाणींवर जगत असे. तेथील कार्डिफ शहरी जे आर्तेस मुंडी नावाचे मोठे पारितोषिक दिले जाते ते २०२१ साली सहा कलावंतांस मिळून देण्यात आले. त्या सहांत सास्तीचे पाचपुते एक होते. प्रदर्शन संपले म्हणजे त्यांची भिंतीवरील चित्रे पुष्कळदा पुसली जातात व भिंत पुन्हा पांढरी होते, ही गोष्ट आम्हांस पारितोषिकाहून अधिक विचार करावयास लाविते. हा कारागीर आपल्या मंडळीतला नव्हे, मग त्याचे उदाहरण येथे कशास, असे कोणी म्हणेल. त्याने १ राजे ७ वाचावे. शलमोनाच्या मंदिराचे सारे पितळकाम सोर येथील हीरामाने केले, आणि त्याचा बाप परदेशी होता. बुद्धीचे व कसबाचे दान देवाने एकाच कुंपणात कोंडून ठेविलेले नाही.

इतर देशांतही कलावंतांनी आपल्या झिजलेल्या साधनांकडे असेच वळून पाहिले आहे. अमेरिकेत जॅस्पर जॉन्स नावाचे चित्रकार आपले कुंचले कॉफीच्या एका रिकाम्या डब्यात ठेवीत. १९६० साली त्यांनी त्या डब्याचे, आतील कुंचल्यांसह, कांशाचे ओतीव काम केले, आणि वर असा रंग दिला की पाहणाऱ्यास तो खराच डबा वाटावा. रंगाचे ओघळ, कुंचल्यांचे मळलेले दांडे, सारे जसेच्या तसे. त्यांनी ते कुंचले नवे करून दाखविले नाहीत, हे विशेष. मळ धुऊन टाकिला असता तर कामही धुऊन गेले असते.

मोझांबिक देशात तर यशया संदेष्ट्याचे दुसऱ्या अध्यायातील भविष्य लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तेथे १६ वर्षांचे यादवी युद्ध १९९२ साली संपले, पण बंदुका घरोघर पुरून ठेविलेल्या होत्या. १९९५ साली तेथील ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेने, बिशप दिनीश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने, असा उपक्रम आरंभिला की जो बंदूक आणून देईल त्यास कुदळ, शिवणयंत्र, सायकल किंवा घरावर घालण्याचे पत्रे मिळतील. जमा झालेल्या बंदुका कापून निकामी केल्या व कलावंतांच्या हाती दिल्या. केस्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका कलावंताने २००१ साली त्या तुकड्यांची एक खुर्ची केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातील बंदुकीचे दस्ते, नळ्या व चाप ओळखू येतात. ओळखू येतात म्हणूनच ती खुर्ची बोलते. सारे वितळवून सपाट लोखंड केले असते तर ते कोरहाच्या धुपाटण्यांसारखे खूण राहिले नसते.

येथे वितळविण्याविषयी एक शब्द बोलणे प्राप्त आहे, कारण ज्या छापखान्याने मराठी वाचकांस पवित्र शास्त्र दिले तेथे हेच काम चाले. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे तयार करविले. त्याच छापखान्यात लहानपणी नोकरीस असलेले जावजी दादाजी यांनी पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढिला. जुन्या जुळाऱ्यांस ठाऊक असेल की शिसे, सुरमा व कथील यांच्या मिश्रणाचा खिळा हजारो कागदांवर दाबला गेला की त्याची कड बोथट होते, काना जाड दिसतो, अनुस्वार उमटत नाही. असे खिळे कढईत वितळवून पुन्हा नवे ओतीत. नव्या खिळ्यास जुन्याची ओळख राहत नसे. परंतु जुन्या खिळ्याची झीज वाया गेली काय? ती झीज कागदावर वचन होऊन उमटली होती आणि तो कागद आपल्या आजीने मांडीवर धरून एकेक अक्षर लावीत वाचला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध उपदेशक आहेत. त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही. ते त्यांस आवडणार नाही, आणि ज्यांस ओळखावयाचे ते ओळखतील. सारे त्यांस मास्तर म्हणतात. जंगलकाठच्या चार-पाच गावांत त्यांनी सायकलीवरून आयुष्य काढिले. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले म्हणजे सायकल खांद्यावर घेऊन ते पलीकडे जात. वाघाच्या वाटेने संध्याकाळी जाऊ नये म्हणून लोक त्यांस आपल्याच घरी ठेवून घेत. मग कंदिलाच्या उजेडात भजन होई, आणि कोणाच्या मुलाला ताप असला तर भजनानंतर मास्तर तेथेच जागत बसत. त्यांच्यापाशी आज जी संपत्ती आहे ती आम्ही मोजिली आहे : एक सायकल, तिची घंटा वाजत नाही, एक कंदील, त्याच्या काचेला तडा आहे, टाळांची एक जोडी, कडा पातळ झालेल्या, आणि एक शास्त्र, त्याच्या पानांचे खालचे कोपरे अंगठ्याने काळे पडले आहेत. स्तोत्रांच्या पुस्तकापाशी ते शास्त्र आपोआप उघडते.

मास्तरांचे डोळे गेले. आवाजही गेला. सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांस जे अल्पसे मिळत असे ते काही वर्षांपासून बंद आहे. कोणी बंद केले व का, ह्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. आम्हांस बोलावयाचे आहे ते मंडळीशी. मागील पावसाळ्यात त्यांच्या घराचे छप्पर एका बाजूने बसले, तेव्हा मंडळीच्या बैठकीत विषय निघाला, आणि एका भावाने म्हटले की आता मास्तरांच्याने प्रवचन होत नाही, भेटी होत नाहीत, तेव्हा त्यांचा भार मंडळीवर का? हे बोलणारा भाऊ दुष्ट नाही. त्याच्या घरी पाच माणसे आहेत आणि धान रानडुकरांनी खाल्ले होते. परंतु त्याचे बोलणे शास्त्राच्या उजेडात धरून पाहिले पाहिजे.

भावा, मास्तर झिजले, हे खरे. मग ती झीज कोठे गेली? ती दगडावरून पाण्याबरोबर वाहून गेली काय? तुझ्या धाकट्या बहिणीस अक्षरओळख कोणी करून दिली? तुझ्या बापाच्या दारूच्या दिवसांत तुझ्या आईशी रोज संध्याकाळी दोन शब्द कोण बोलत असे? तुझे लग्न लावावयास जंगलातून रात्री कोण आले? पौल प्रेषित करिंथच्या मंडळीस म्हणतो की आम्हांस शिफारशीच्या पत्रांची गरज नाही, आमचे पत्र तुम्हीच आहा, आणि ते शाईने नव्हे तर जिवंत देवाच्या आत्म्याने अंतःकरणावर लिहिलेले आहे. हे वचन कोळशाच्या कांडीशेजारी ठेवून वाचा. कांडी संपली आहे. चित्र तुम्ही आहा. जो मनुष्य चित्राकडे पाहून म्हणतो की कांडी तर काही कामाची उरली नाही, त्याने चित्र पाहिलेच नाही.

आणि बैलाविषयी तर आपणांस कोणी शिकवावयास नको. खळ्यावर मळणी करणाऱ्या बैलास मुसके बांधू नये, हे अनुवादात सांगितले आहे, आणि पौलाने १ करिंथ ९ मध्ये तेच वचन कामकऱ्याच्या पोटापाण्यास लाविले आहे. ज्याने जन्मभर मळणी केली त्यास म्हातारपणी खळ्याबाहेर काढून मुसके बांधावे, हा न्याय आपण पोळ्याच्या दिवशी आपल्या शेजाऱ्यांपुढे सांगू शकू काय? ते म्हातारा बैलही सजवितात.

म्हणून आम्ही मोहर्लीच्या बाजूच्या घरांस एक गोष्ट सुचविली आहे, आणि ती इतर ठिकाणीही करिता येईल म्हणून येथे लिहितो. आपल्या प्रार्थनेच्या जागी घंटा नाही. झाडाला भंगारातून आणिलेला रुळाचा तुकडा टांगलेला आहे. तो लोखंडी खिट्टीने वाजविला की लोक जमतात. हा रूळही एके काळी गाड्यांखाली झिजलेलाच आहे, आणि आज तो घंटेचे काम उत्तम करितो. ज्या फांदीला तो टांगला आहे ती आता कुजली आहे. तेव्हा त्यास एक खांब हवा. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी प्रत्येक घराने धानाच्या पेंढीबरोबर आपल्या घरातील एक झिजलेले अवजार आणावे : सुरी, खुरपे, फाळाचा तुकडा, गवंड्याची थापी, रापी, पटाशी, जे असेल ते. ते चकचकीत करून आणू नये. गंज तेवढा पुसावा. आणिताना ते कोणाच्या हातचे, हे त्या घरातील वडील माणसाने उभे राहून सर्वांपुढे सांगावे, आणि आमच्यापैकी कोणी तरी ते वहीत लिहून घ्यावे. नाव माहीत नसेल तर नाते लिहावे. मग ती सारी अवजारे त्या खांबाभोवती खालपासून वरपर्यंत बसवावी.

खांबास लाकूड लागेल. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून काडीही आणू नये. पडक्या घराचा जुना सागवानी खांब देण्यास एक बहीण तयार आहे. अवजारे बसविण्याचे काम गावचा लोहार करील. तो आपल्या मंडळीतला नाही. त्यास पुरी मजुरी द्यावी, देवाचे काम आहे म्हणून फुकट मागू नये. धारा बोथट करून घ्याव्या, कारण मुले त्या खांबाशी खेळणारच. कोणी त्या खांबापुढे उदबत्ती लावू लागला तर त्यास प्रेमाने हिज्कीयाचा वृत्तांत वाचून दाखवावा. तो खांब पाहण्याकरिता नाही. बसालेलाने स्त्रियांच्या आरशांचे पुन्हा आरसे केले नाहीत, भिंतीवर टांगण्याचे शोभेचे पत्रेही केले नाहीत. हातपाय धुण्याचे पात्र केले. आपला खांबही रूळ टांगण्याच्या कामी यावा, पावसात उभा राहावा, आणि त्यास टेकून म्हातारी माणसे बसावी.

मास्तरांचे छप्पर त्याच आठवड्यात शाकारून घ्यावे. कौले कमी पडतात ती आम्ही पाहिली आहेत, सुमारे २०० लागतील. प्रत्येक घराने महिन्यास एक पायली तांदूळ देण्याचे ठरविले तर घरे मोजकी असली तरी त्यांचा प्रश्न सुटतो. आणि ज्याचे धान रानडुकरांनी खाल्ले आहे त्याने तांदूळ देऊ नये, त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ जाऊन त्यांस स्तोत्रे वाचून दाखवावी. मास्तरांस आता दिसत नाही, पण कोणी चुकीचे वाचले तर ते लगेच थांबवितात.

त्यांचा कंदील खांबास लावावा काय, असे आम्ही त्यांस विचारिले. प्रथम ते नाही म्हणाले. रात्री लागेल, असे म्हणाले. मग थोड्या वेळाने आपणच हसले, आणि म्हणाले की लावा, पण काच बदलू नका, तो तडा नाल्यातला आहे. तेव्हा तो खांबाच्या माथ्यावर न लाविता मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर लावावा, आणि त्यात रविवारी व बुधवारी तेल घालण्याची पाळी घरोघर ठरवून घ्यावी. पहिल्या आठवड्याचे तेल आम्ही येताना घेऊन येऊ.